शिनानो: पाणतिरांनी बुडवली की घाईने?

गलबत
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

जपानची शिनानो ही यामातो वर्गातली तिसरी बॅटलशिप व्हायची होती. ४ मे १९४० ला योकोसुकाच्या गोदीत तिचा कणा ठेवला. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चार विमानवाहू नौका एका फटक्यात गेल्या, आणि निम्म्यापर्यंत आलेल्या या धुडाची विमानवाहू नौका करायचं ठरलं. लांबी २६६ मीटर, पूर्ण भारासह वजन ७१ हजार टनांवर. त्या काळी जगात एवढी मोठी विमानवाहू नौका दुसरी नव्हती.

१९ नोव्हेंबर १९४४ ला ती नौदलात दाखल झाली. २८ तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास योकोसुकाहून कुरेला निघाली. उरलेलं काम तिकडे पुरं करायचं होतं. मध्यरात्रीनंतर सव्वातीनला आर्चरफिश या अमेरिकन पाणबुडीचे चार पाणतीर (टॉर्पेडो) लागले आणि २९ ला सकाळी अकराच्या आत ती बुडाली. सतरा तासांचा प्रवास, १४३५ माणसं गेली.

माझं मत स्पष्ट आहे. शिनानो समुद्रात बुडाली नाही, गोदीतून वेळेआधी बाहेर काढली तेव्हाच बुडाली. बहुतेक जलरोधक दारं बसवलेली नव्हती. केबल, नळ आणि हवेचे मार्ग जाण्यासाठी भिंतींना पाडलेली भोकं उघडीच होती. कप्तान तोशिओ आबे यांनी मुदत मागितली होती, ती मिळाली नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि ऐन युद्धात बॅटलशिपची विमानवाहू करणं हा निर्णयच चुकला होता का?

तांबडं_फुटलं
वाचतेय. चार पाणतीर? बहीण मुसाशी महिनाभर आधीच बुडाली होती ना, तिला किती लागले होते?

गलबत
मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ ला गेली. तिला एकोणीसच्या आसपास पाणतीर आणि पंधरावर बॉम्ब लागल्याचं मानतात, तरी ती काही तास तग धरून होती. हीच तफावत मला स्वस्थ बसू देत नाही.

गोदीकाका
गलबत, विषय काळजाला हात घालणारा काढलात. माझी सगळी नोकरी जहाजबांधणीत गेली, म्हणून दारांबद्दल आणि भोकांबद्दल चार शब्द लिहितो.

जहाज तरंगतं ते पत्र्यामुळे, हे अर्धंच खरं. खरा जीव असतो कप्प्यांत. एक कप्पा फुटला तरी शेजारचा कोरडा राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येक कप्प्याची हवा भरून चाचणी करतात. झाकणं बंद करायची, आत थोड्या दाबाची हवा सोडायची, आणि यू आकाराच्या काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवायचा. पातळी घसरली की कुठेतरी गळतंय. मग ब्रशने साबणाचं पाणी लावत वेल्डिंगचा इंच न् इंच बघायचा. बुडबुडा आला की खडूने गोल.

मी शिकाऊ होतो तेव्हा एका कप्प्याची हवा टिकेना. वेल्डिंग तीनदा तपासलं, कुठेच काही नाही. शेवटी आमच्या मुकादमांनी हात ओला केला आणि जिथून केबल भिंतीतून पलीकडे जात होत्या तिथे नुसता तळवा धरला. एका केबलच्या ग्लँडमध्ये, म्हणजे केबलभोवतीचं भोक बंद करणाऱ्या जोडात, भरण केलेलंच नव्हतं. करंगळी जाईल एवढी फट, पण पलीकडचा कप्पा भरायला तेवढी पुरे. वरून ताकीद होती की तारखेला जहाज गेलंच पाहिजे. मुकादम म्हणाले, "तारीख कॅलेंडरात असते, पाणी भोकात असतं." जहाज दोन दिवस उशिरा गेलं.

शिनानोच्या कप्प्यांच्या या चाचण्या झाल्याच नव्हत्या. बाकी काही विचारू नका, एवढ्या एका गोष्टीवर मी ते जहाज बंदराबाहेर जाऊ दिलं नसतं.

तांबडं_फुटलं
काका, मुकादमांचं वाक्य लिहून ठेवलं.

सागरगोटा
+१. काका, अजून लिहा.

रात्रपाळी
थोडं वेगळं मत मांडतो. सगळे शिनानोच्या त्रुटींवर बोलताहेत, आर्चरफिशचं कौशल्य कुणी विचारातच घेत नाही.

बी-२९ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक समुद्रात पडले तर त्यांना उचलायचं, या कामावर ही पाणबुडी होती. त्या दिवशी हल्ला नव्हता, म्हणून तिला मोकळं फिरायची परवानगी मिळाली. रात्री पावणेनऊच्या सुमारास रडारवर मोठा ठिपका उमटला. कमांडर जोसेफ एनराइटना आधी ते तेलवाहू जहाज वाटलं, मग कळलं की ही विमानवाहू आहे आणि सोबत विनाशिका आहेत.

पाण्याच्या पृष्ठभागावरूनही पाणबुडीचा वेग शिनानोपेक्षा कमी. सरळ पाठलाग केला असता तर कधीच गाठता आली नसती. पण शिनानो पाणबुड्यांना चकवायला नागमोडी चालत होती. प्रत्येक वळणाला तिचं अंतर वाया जायचं आणि एनराइट आपले सरळ पुढे सरकत राहिले. सहा तास! पहाटे तीनच्या सुमारास शिनानो वळली ती नेमकी त्यांच्याच दिशेने. त्यांनी सहा पाणतीर सोडले आणि खोली मुद्दाम कमी ठेवली, साधारण तीन मीटर. जहाजाच्या वरच्या अंगाला भोकं पडली तर ते कलंडण्याची शक्यता वाढते, हा हिशोब. सहातले चार लागले.

एवढं नेमकं काम झालं असताना श्रेय फक्त उघड्या दारांना देऊ नका.

गलबत
रात्रपाळी, मुद्दा मान्य. त्यात एक भर. पावणेअकराच्या सुमारास शिनानोच्या टेहळ्यांना पाणबुडी दिसली होती. इसोकाझे ही विनाशिका तिच्यावर धावूनही गेली. आबेंनीच तिला परत बोलावलं. त्यांना वाटलं, ही एकटी नाही, पाणबुड्यांचा कळप आहे, आणि ही एक आपल्या विनाशिकांना दूर ओढायला पुढे आली आहे. प्रत्यक्षात आर्चरफिश एकटीच होती. पुढे अर्ध्या-पाऊण तासात प्रॉपेलरच्या दांड्याचं बेअरिंग तापलं आणि वेग १८ नॉटवर आणावा लागला. बारापैकी आठच बॉयलर चालू असल्याने वेग आधीच कमी होता.

बॉयलर अपुरे, बेअरिंग तापलेलं. हीही घाईचीच फळं नाहीत का? पूर्ण वेगाने गेली असती तर पाणबुडी मागेच पडली असती.

नवखा_खलाशी
एक भाबडा प्रश्न. बॅटलशिपची विमानवाहू म्हणजे नक्की काय करतात? वरच्या तोफा काढून सपाट डेक ठोकायचा?

सागरगोटा
नवखा, प्रश्न चांगला आहे. शिनानोवर तोफांचे मनोरे चढलेच नव्हते, त्यामुळे काढायचं फारसं नव्हतं. खालचा सांगाडा तोच ठेवून वर विमानं ठेवायचा हँगर उभा केला आणि त्यावर उड्डाणाचा डेक. या डेकला ७५ मिलिमीटरचं चिलखत होतं. ५०० किलोचा बॉम्ब पडला तरी डेक फुटू नये अशी आखणी. धुराडं उजवीकडे बाहेर झुकवलं, म्हणजे उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत धूर येणार नाही.

पण एवढ्या मोठ्या नौकेची स्वतःची विमानं अवघी ४७! कारण तिच्याकडून अपेक्षाच वेगळी होती. तिने इतर विमानवाहू नौकांसाठी राखीव विमानं, इंधन आणि दारूगोळा वाहायचा होता. समुद्रातलं कोठारच म्हणा ना.

त्या काळात जपानने जे हाताला लागेल ते बदललं. इझुमो मारू आणि काशिवारा मारू ही प्रवासी जहाजं बांधली जात असतानाच हियो आणि जुन्यो झाली. चितोसे आणि चियोदा या समुद्री विमानांच्या नौका होत्या, त्यांची हलक्या विमानवाहूंमध्ये भरती झाली. इसे आणि ह्यूगा या जुन्या बॅटलशिपांचे मागचे तोफमनोरे काढून तिथे विमानांसाठी डेक केला, पुढच्या तोफा तशाच. म्हणजे अर्धं अंग बॅटलशिपचं, अर्धं विमानवाहूचं. पण फिलिपाइन्सजवळच्या लेतेच्या लढाईत उतरल्या तेव्हा त्यांच्यावर विमानंच नव्हती.

माझं उत्तर यातच आलं. जहाजं बदलता येतात. १९४४ च्या उत्तरार्धात जपानकडे कमी होती ती शिकलेल्या वैमानिकांची. जूनमध्ये फिलिपाइन समुद्रात नौदलाची शेकडो विमानं आणि त्यांचे वैमानिक गेले. शिनानो कुरेला सुखरूप पोचली असती तरी तिच्यावरून उडायला कोण होतं? शेवटच्या प्रवासात तिच्या पोटात ५० ओका होते, माणसाने बसून शत्रूवर आदळायचे रॉकेट-बॉम्ब. जिच्या हँगरमध्ये हे भरावे लागले, त्या नौकेच्या नौदलाची अवस्था वेगळी सांगायला नको.

तांबडं_फुटलं
शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. ओका म्हणजे चेरीचं फूल ना?

सागरगोटा
हो, चेरीचा बहर.

योकोहामाकर
मूळचा पुण्याचा, सध्या कामानिमित्त योकोहामात. धागा वाचून राहवलं नाही.

योकोसुकाला इथून रेल्वेने तासाभराच्या आत पोचतो. शिओइरीजवळून बंदरात फिरवणारी बोट सुटते, पाऊण तासाची फेरी. एका अंगाला जपानच्या पाणबुड्या, दुसऱ्या अंगाला अमेरिकन नौदलाचा तळ. ज्या सहा नंबरच्या सुक्या गोदीत शिनानो बांधली, ती याच तळात आहे आणि आजही वापरात आहे. एकेकाळी तिच्याभोवती तीन बाजूंनी उंच कुंपण होतं, कामगारांना आवाराबाहेर जाता येत नव्हतं, जहाजाबद्दल अवाक्षर काढलं तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. आता तिथे अमेरिकेच्या विमानवाहू नौकांची डागडुजी होते. बोटीच्या कठड्याला टेकून मी हे सगळं आठवत होतो, आणि शेजारी एक आजोबा नातवाला बोटाने पाणबुड्या मोजून दाखवत होते.

गोदीकाकांसाठी एक गोष्ट. ५ ऑक्टोबर १९४४ ला शिनानोला गोदीत तरंगवायला पाणी सोडलं तेव्हा अपघात झाला. गोदीचं तोंड बंद करणाऱ्या तरंगत्या दरवाजात वजनासाठी पुरेसं पाणी भरलेलं नव्हतं. आतली पातळी बंदराइतकी येताच दरवाजा वर उचलला गेला, बाहेरचं पाणी लोंढ्याने आत घुसलं आणि एवढी मोठी नौका गोदीच्या भिंतीवर आपटली. नाकाडाचा पाण्याखालचा भाग चेपला. दुरुस्तीत तीन आठवडे गेले.

गोदीकाका
योकोहामाकर, मनापासून आभार. दरवाजात पाणी भरायचं राहणं म्हणजे गोदीतल्या कामाचं अगदी पहिलं अक्षर चुकणं. असं अडाण्याकडून होत नाही, दमलेल्या माणसाकडून होतं. महिनोन् महिने रात्रंदिवस राबवलेली माणसं होती ती. मूळ तारीख फेब्रुवारी १९४५ ची होती ना? ती चार महिने अलीकडे ओढली. चार महिने माणसांच्या झोपेतूनच काढावे लागतात.

कोरलईचा_नाखवा
थोडं अवांतर होतंय, पण इथेच लिहितो.

आर्चरफिश अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या नौदल गोदीत बांधली होती. शिनानो बुडाल्यानंतर दोनच दिवसांनी, १ डिसेंबर १९४४ ला, त्याच गोदीतून डायब्लो नावाची पाणबुडी पाण्यात उतरली. ही डायब्लो पुढे पाकिस्तानला मिळाली आणि तिचं नाव झालं गाझी. १९७१ मध्ये आपल्या विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली ती हीच गाझी, आणि विशाखापट्टणमजवळ बुडाली.

दुसरं साम्य त्याहून विलक्षण आहे. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा होता, तिचा वेग मर्यादित होता. म्हणजे आपलीही नौका धडधाकट नव्हती. पण आपल्या नौदलाने ती उणीव जमेस धरून बेत आखला. तिला पूर्वेकडे नेलं, अंदमानात आडोशाला ठेवलं, आणि मग सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानची बंदरं झोडपली. दोष असलेली नौका युद्धात उतरवता येते. दोष नाहीच असं समजून उतरवली तर शिनानो होते.

विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा वडिलांबरोबर पाहिली. विमानं वर नेणाऱ्या लिफ्टवर उभे होतो आणि वडील चप्पल हातात घेऊन उभे. मी विचारलं तर म्हणाले, "इथून पोरं लढायला वर गेली." २०१४ मध्ये ती भंगारात गेली त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

तांबडं_फुटलं
नाखवादादा, डोळे भरले.

नवखा_खलाशी
गाझीचं हे माहीतच नव्हतं. या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखूण केला.

रात्रपाळी
अवांतर अजिबात नाही, उत्तम भर. आर्चरफिशचंच पुढचं सांगतो. एनराइट परत आले आणि म्हणाले, प्रचंड विमानवाहू बुडवली. वरिष्ठांचा विश्वास बसेना. त्या भागात अशी नौका असल्याची नोंदच नव्हती. संदेश फोडणाऱ्यांना शिनानो हे नाव मिळालं होतं, पण जपानी हलक्या क्रूझरना नद्यांची नावं असत आणि शिनानो ही नदी आहे, म्हणून ती क्रूझरवरून केलेली लहान विमानवाहू असणार असा अंदाज बांधला गेला. बॅटलशिपांना प्रांतांची नावं असत आणि शिनानो हा प्रांतही आहे, आजचा नागानो. एनराइटनी स्वतः काढलेलं चित्र दाखवलं, तेव्हा २८ हजार टनांच्या विमानवाहूचं श्रेय मिळालं. युद्ध संपल्यावर खरं वजन कळलं आणि त्यांना नेव्ही क्रॉस देण्यात आला. पाणबुडीने बुडवलेली सगळ्यांत मोठी युद्धनौका आजही हीच.

वेल्डर_सातारा
मूळ प्रश्नावर येतो. घाई हेच एकमेव कारण मला पटत नाही. युद्धानंतर अमेरिकन तंत्रज्ञांनी यामातो वर्गाचा अभ्यास केला तेव्हा आराखड्यातलाच दोष समोर आला. पाण्यावरचा चिलखती पट्टा आणि पाण्याखाली पाणतिरांपासून संरक्षण देणारी भिंत यांचा सांधा कमकुवत होता. आर्चरफिशचे पाणतीर याच सांध्याच्या आसपास लागले. सांधा तुटला की जाडजूड चिलखत संरक्षण करायचं सोडून आतल्या भिंतीत घुसतं. पोलाद कितीही जाड घ्या, जोड फाटला की सगळं फाटतं. हे मी रोज बघतो.

दारं बंद असती तरी हा सांधा होताच. म्हणून माझ्या मते निम्मा दोष आराखड्याचा.

आणि घाईतही जपानी काही शिकले नव्हते असं नाही. जूनमध्ये ताइहो ही नवी विमानवाहू एका पाणतिराने गेली. तो लागल्यावर पेट्रोलची वाफ जहाजभर पसरली आणि काही तासांनी स्फोट झाला. म्हणून शिनानोच्या पेट्रोलच्या टाक्यांभोवती दोन हजार टनांवर काँक्रीट ओतलं. मागच्या अपघातावर इलाज पक्का केला होता, पुढचा अपघात दुसरीकडून आला.

गलबत
वेल्डर_सातारा, सांध्याचा मुद्दा मी पुरेसा धरला नव्हता, मान्य करतो. मुसाशीचाही सांधा तोच होता, पण तिने पुष्कळ जास्त मार सोसला. म्हणून माझं पारडं अजून घाईकडेच झुकतं.

योकोहामाकर
माणसांबद्दलही थोडं लिहायला हवं.

मिडवेला हिर्यू जळत होती तेव्हा तिच्यासोबतच्या विनाशिकांच्या एका तुकडीचे प्रमुख तोशिओ आबेच होते. त्यांच्याच तुकडीतल्या माकिगुमोने हिर्यूवर अखेरचे पाणतीर सोडले. विमानवाहू कशी मरते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. अडीच वर्षांनी त्यांनी मुदत मागितली ती या डोळ्यांनी. नकार आल्यावर दिवसा, किनाऱ्याने जायचा विचार केला, तर विमानांचं संरक्षण मिळेना. म्हणून रात्र. सोबतच्या इसोकाझे, युकिकाझे, हामाकाझे या तिन्ही विनाशिका लेतेहून नुकत्याच आलेल्या, दुरुस्ती बाकी, खलाशी थकलेले. जहाजावर खलाशांबरोबर शेकडो गोदी कामगारही होते, कारण काम वाटेतही चालूच राहणार होतं. आबे नौकेबरोबर गेले.

वाचलेले हजारेक जण कुरेजवळच्या मित्सुकोजिमा या बेटावर जानेवारीपर्यंत वेगळे ठेवले, बातमी फुटू नये म्हणून. थंड पाण्यातून वाचून आलेली माणसं, आणि घरी पत्रसुद्धा नाही.

इसोकाझे आणि हामाकाझे पुढे एप्रिल १९४५ मध्ये यामातोबरोबर बुडाल्या. युकिकाझे मात्र युद्धातून सुखरूप बाहेर आली आणि नंतर चीनच्या नौदलात गेली.

तांबडं_फुटलं
ते कामगार. त्यांना तर पोहायलाही शिकवलं नसेल. हातात पाना घेऊन चढलेली माणसं.

गोदीकाका
तांबडं_फुटलं, काल रात्री माझ्याही डोक्यात तेच कामगार होते.

आता गलबतच्या प्रश्नाचं उत्तर देतो. वेल्डर_सातारा सांध्याबद्दल बोलले ते बरोबर, रात्रपाळी एनराइटबद्दल बोलले तेही बरोबर. पण वेळेकडे बघा. पाणतीर सव्वातीनला लागले, नौका उलटली अकराला काही मिनिटं असताना. साडेसात तास. स्फोट होऊन दोन तुकडे झाले नाहीत, दारूगोळा पेटला नाही. जहाज साडेसात तास हळूहळू भरत होतं. उजवीकडे कललं, मग डावीकडचे कप्पे मुद्दाम भरून सरळ करायचा प्रयत्न झाला, तोही अपुरा पडला. एवढ्या जाड चिलखताला काय होतंय या विश्वासात सुरुवातीचा वेळ गेला. वेग कमी न केल्यामुळे पाणी आणखी जोराने आत आलं. आग विझवायच्या आणि पाणी उपसायच्या नळांना पंपच जोडलेले नव्हते. हातातले पंप होते, पण ते चालवायचा सराव झाला नव्हता. इंजिनं थांबल्यावर दोन विनाशिकांनी दोर लावून ओढायचं बघितलं, दोर तुटले. विनाशिका दोन-अडीच हजार टनांच्या, आणि ही पाणी भरलेली सत्तर हजारांची.

पाणतिराने पाडलेलं भोक आपल्या हातात नसतं. त्या भोकातलं पाणी पुढच्या कप्प्यात जायला लागलेले साडेसात तास मात्र गोदीच्या हातात होते. दार बसवायला एका माणसाला किती वेळ लागतो, भरण करायला किती, हे मला ठाऊक आहे. आबेंना हव्या होत्या तेवढ्या दिवसांत सगळं झालं नसतं, पण पुष्कळ झालं असतं.

वेल्डर_सातारा
काका, साडेसात तासांचा हिशोब पटला. निम्मा दोष म्हटलं होतं, ते मागे घेतो. सांधा तुटला म्हणून पाणी शिरलं, दारं नव्हती म्हणून ते थांबलं नाही.

गलबत
काका, हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता आलं नव्हतं.

योकोहामाकर, कधी कुरेला जाणं झालं तर मित्सुकोजिमाच्या बाजूला एक फेरी मारून याल का? बेट लांबून दिसलं तरी चालेल. इथे लिहा.

योकोहामाकर
नोव्हेंबरअखेर हिरोशिमाला जायचं आहेच. २९ ला सकाळी कुरेला असेन.